पाहुण्याची जागा

त्याच्या चेहऱ्याची तयारी मी करून ठेवली होती, पायांची नव्हती. बैठकीत माझ्या पेनाचं टोपण घरंगळत टेबलाखाली गेलं, ते उचलायला मी वाकले, आणि समोरच्या बाजूला गालिच्यावर बुटांतून बाहेर काढलेले दोन पाय दिसले. राखाडी मोजे, आणि उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं, मोज्यातूनही कळावं इतकं. टोपण हाताला लागलं तरी मी वाकलेलीच राहिले. वर आमच्या विभागप्रमुख मॅडम बोलत होत्या. जगातल्या प्रत्येक माणसाला आपापल्या श्रद्धेप्रमाणे जगता यावं हा आमच्या सरकारच्या परराष्ट्र धोरणात आता अग्रक्रमाचा विषय आहे, हे वाक्य त्या इतक्या वेळा बोलल्या आहेत की त्यात श्वास कुठं घ्यायचा तेसुद्धा ठरलेलं आहे. त्यांनी श्वास घेतला, आणि खाली ते बोट जरासं हललं. लांबच्या प्रवासानं म्हाताऱ्या माणसाचे पाय सुजतात, बूट टोचतात, टेबलाखाली कोण बघतंय म्हणून माणूस ते हळूच काढून ठेवतो; एवढंच होतं ते. पण मला वाटलं, हा परत आपल्या घरी येऊन बसलाय.

लहानपणी तो घरी आला तेव्हा चेहरा मी पाहिलाच नव्हता. तो नंतर पाहिला, फोटोंत, आणि मग इतका पाहिला की माझ्या स्वतःच्या बापाचा चेहरा मला तितका नीट आठवत नाही. भुवया, कानाच्या पाळ्या, पदकांच्या वर ताठ धरलेली हनुवटी. बढत्यांबरोबर सुटत गेलेलं पोट. त्याच्या सरकारचं शिष्टमंडळ येणार आणि त्याचा प्रमुख हाच असणार असं कळल्यापासून मी रोज सकाळी आरशासमोर उभी राहून त्याच्याकडे कसं बघायचं याचा सराव केला होता. थंड बघायचं, पापणी हलू द्यायची नाही. सकाळी तसं बघितलंही. त्यानं मान लववली, मी नाही लववली, मला बरं वाटलं. आणि आता त्या बोटानं सगळं मातीत घातलं होतं. टोपण घेऊन मी वर आले तेव्हा माझे कान तापले होते आणि मॅडम माझ्याकडे, काय गं, अशा नजरेनं बघत होत्या.

आमचा पंथ लहान. पूर्वी जिथं राहायचो त्या देशात मूठभर, इथं तर एका खोलीत मावू इतके. आमचं बांधलेलं प्रार्थनास्थळ नसतं. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, सतरंज्या घालायच्या, गोल बसायचं, नजर खाली ठेवायची आणि जे म्हणायचं ते मनात म्हणायचं. नियम फार नाहीत, पण जे आहेत ते पक्के. प्रार्थना चालू असताना दाराला कडी लावायची नाही, आणि गोलात एक जागा रिकामी ठेवायची. कुणी आलं तर ती त्याची. कोण, कुठला, कशाला आलास, विचारायचं नाही. प्रार्थना संपेपर्यंत मान वर करून त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कडी लावून केलेली प्रार्थना पोचत नाही, असं आम्ही मानतो. त्या रिकाम्या जागेला पाहुण्याची जागा म्हणतात. पुढं तिकडे सरकार बदललं, परवानगी नसलेल्या पंथांनी जमणं गुन्हा ठरलं, आणि धर्मव्यवहार खात्याचे अधिकारी घराघरांत घुसायला लागले. बाकीचे दारं फोडून यायचे. या एकाला, तेव्हा तो आमच्या भागाचा साधा अधिकारी होता, कळलं की दार फोडायची गरजच नाही. तो एकटा यायचा. बाहेर बूट काढायचा, आत येऊन रिकाम्या जागेवर बसायचा, नजर खाली ठेवायचा, आणि शेवटपर्यंत मुकाट बसून राहायचा. मग उठून म्हणायचा, झालं का तुमचं, मग चला. खाली गाडी उभी असायची. आमच्या लोकांनी त्याचं नाव पाहुणा पाडलं. आमच्यात विनोदाची हौस भारी. मरायला टेकले तरी नावं ठेवतील.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. हे मला लहानपणापासून गिळवत नाही. माहीत होतं आणि तरी दारं उघडी होती. त्या संध्याकाळी प्रार्थनेची पाळी आमच्या घराची होती. मी शाळकरी, वेणीला रिबन, आईच्या आणि मामाच्या मधे बसलेली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मला खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा तो. बाबा सगळ्यांत शेवटी बसले. बसण्याआधी ते दारापाशी गेले, आणि मी कडी लागल्याचा आवाज ऐकला. आमच्या घरात तो आवाज या वेळेला मी कधी ऐकला नव्हता. कुणी मान वर केली नाही. बाबा येऊन बसले, त्यांच्या गुडघ्याचं हाड नेहमीसारखं वाजलं. मला इतकं सुरक्षित वाटलं की मी नजर खाली ठेवून हसले. आणि मग आई उठली. तिच्या साडीची सळसळ माझ्या कानाजवळून गेली, ती दारापाशी गेली, आणि तिनं कडी काढली. परत येऊन बसली. बाबा काही बोलले नाहीत, बोलायचं नसतंच. थोड्या वेळानं दार उघडलं, राखाडी मोजे घातलेले दोन पाय सतरंजीच्या कडेपर्यंत आले, आणि आई सरकली. तिनं त्याला जागा दिली. नंतर सगळा वेळ मी ते अंगठ्यावर चढलेलं बोट बघत होते.

बाबांना आणि मामाला नेलं. बाबा दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातच वारले. प्रेत दिलं नाही, एका पाकिटात चष्मा दिला. तो बाबांचा नव्हता. काच जाड, दांडी तपकिरी. आईनं तो तरीही ठेवून घेतला, अजून तिच्या कपाटात आहे, अधूनमधून ती त्याच्या काचा पुसते. कुणाच्यातरी घरी आपला चष्मा असेल आणि तेही पुसत असतील, असं म्हणते. मला तो चष्मा भिंतीवर आपटावासा वाटतो. मामाला सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं, आणि शेवटी धरलं ते अजून आत आहे. आम्ही दोघी इकडे आलो. मी या देशाची भाषा शिकले, इथल्या परीक्षा दिल्या, परराष्ट्र खात्यात लागले, आणि धर्मस्वातंत्र्याचा विभाग निघाला तेव्हा हातापाया पडून त्यात बदली करून घेतली. तेव्हा या विभागात कुणी यायला तयार नसे. स्टेशनरीचं कोठार आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या खोलीत दोन टेबलं, आणि एक पंखा जो फिरताना रडायचा. मग मंत्र्यांचं भाषण झालं, विषय अग्रक्रमाचा झाला, आम्हाला गालिचे आले. सहकाऱ्यांना वाटतं मी तत्त्वाची बाई आहे. मुलाखतीत मीही तसंच सांगितलं होतं, मोठ्या डोळ्यांनी. खरं सांगायचं तर मला जगातल्या प्रत्येक माणसाच्या श्रद्धेशी काही देणंघेणं नाही. मला एक माणूस हवा होता.

आणि तो मी मिळवला होता, थोडा तरी. छळ करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांना या देशात पाऊल ठेवायला बंदी करता येते असा कायदा झाला, तेव्हा पहिली साक्ष मी दिली. आईनं दिली नाही. प्रार्थनेत कोण येऊन बसलं ते बाहेर सांगायचं नसतं, म्हणाली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. माझ्या एकटीच्या साक्षीवर त्याच्यावर बंदी आली. ती त्याला का झोंबणार हे मला तेव्हाच माहीत होतं. त्याची एकुलती एक मुलगी लग्न करून याच शहरात आली होती. तिची आई पूर्वीच वारलेली, आणि तिकडून बापाला इथं येता येईना. मी तिला पाहिलंय. बेकरीत तिच्यामागे रांगेत उभी राहिलेय. एकदा ती फोनवर बोलत होती, बाबा, पुढच्या वर्षी नक्की ना, असं काहीतरी, आमच्या जुन्या भाषेत, आणि मी तिच्या मानेमागच्या बारीक केसांकडे बघत उभी होते, आणि माझ्या अंगात अशी ऊब पसरली की विचारू नका. पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी पाव घेऊन घरी आले आणि उभ्याउभ्याच अर्धा खाल्ला.

बैठक संपल्यावर मॅडमनी मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. त्यांना महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या केबिनमध्ये बोलत नाहीत. म्हणाल्या, तू खोलीत असलीस की समोरच्याला घाम फुटतो, म्हणून तुला बसवते मी. आज तुलाच फुटलेला दिसला. मग मुद्द्यावर आल्या. शिष्टमंडळ व्यापाराच्या कराराला आलं होतं, तो होणारच होता. पण पुढच्या आठवड्यात धर्मस्वातंत्र्याची परिषद, मंत्र्यांना तिथं काहीतरी घडलेलं दाखवायला हवं. तिकडचे लोक आमच्या पंथाचे सगळे कैदी सोडायला तयार होते. मामाचं नाव मॅडमनी मुद्दाम उच्चारलं, चुकीचं उच्चारलं, पण उच्चारलं. मोबदल्यात त्या माणसाला स्वतःसाठी एकच हवं होतं, बंदी उठायला हवी होती. या खेपेला त्याला फक्त हॉटेल आणि आमचं खातं एवढीच मुभा होती. मुलगी गरोदर होती, काहीतरी गुंतागुंत होती, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायला मनाई केलेली. आणि कायदा असा की ज्याच्या साक्षीवर बंदी आली त्याची हरकत असेल तर ती उठत नाही.

"म्हणजे माझी," मी म्हटलं.

"म्हणजे तुझी. उद्या सकाळी सांग. तुझ्यावर दबाव नाही." मॅडम टाकीचा नळ घट्ट करत म्हणाल्या. तो नळ नेहमी गळतो आणि त्या नेहमी तो घट्ट करतात.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चालत सुटले. दुपार होती, ऊन पडलेलं, दुकानांच्या काचांतून माझाच चेहरा माझ्याबरोबर चालत होता. माझ्या हातात आलं होतं सगळं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी दातओठ खाल्ले तो माणूस माझ्या एका शब्दासाठी बूट काढून बसला होता, आणि शब्दाची किंमत मामा होता. मी मामाचा विचार करायचा प्रयत्न केला. त्याच्या खांद्यावरून बाजार कसा दिसायचा ते आठवलं, लोकांची टाळकी, फळांचे ढीग, त्याच्या केसांना येणारा साबणाचा वास. मी त्याचे कान धरून बसायचे. पण कान धरले की लगेच ते दुसरं आठवायचं, मोज्यातलं बोट, आणि मामा बाजूला सरायचा. आतून कुणीतरी हिशेबीपणे सांगत होतं की मामा आता म्हातारा झालाय, दमेकरी झालाय, त्याला बाहेर येऊन करायचंय काय. इतका नीच विचार आपल्या डोक्यात येतो आणि आपण चालत राहतो, सिग्नलला थांबतोसुद्धा. त्याच्या मुलीच्या इमारतीखाली मी बराच वेळ उभी होते. तिसऱ्या मजल्यावर खिडकीला निळा पडदा. पडद्यामागं ती पाठीवर पडून असणार, पोटावर हात, बाप याच शहरात आहे हे माहीत असणार. मला तिची कीव आली नाही. कीव यावी म्हणून मी थोडं थांबून बघितलं, खरंच बघितलं. माझ्या बापाला भेटायला मला कुणी जाऊ दिलं नव्हतं.

संध्याकाळी मी आईकडे निघाले. आई माझ्या घराजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहते. गुडघे गेल्यापासून तिला कुणाकडे प्रार्थनेला जाता येत नाही, म्हणून ती एकटीच सतरंजी घालून बसते, शेजारी रिकामी जागा ठेवून. दार लोटलेलं. मी नेहमी हातात फळं आणि औषधं घेऊन येते आणि कमरेनं दार ढकलते. इथल्या शेजाऱ्यांनी पुष्कळदा सांगून पाहिलं की आजी, चोर येतील. आई म्हणते, आले तर बसतील. इमारतीच्या फाटकाशी आमच्या खात्याची काळी गाडी उभी होती. ड्रायव्हरनं मला पाहिलं आणि घाईघाईनं काच वर केली. तेव्हाच कळायला हवं होतं. जिना चढून गेले तर दाराबाहेर, पायपुसण्याच्या कडेला, बूट होते. नीट जोडून ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडमना आमचा दाराचा नियम मीच सांगितला होता, साक्षीत, शब्दन् शब्द. ते बूट जिन्यावरून खाली फेकावेत, आत जाऊन त्याच्या मानगुटीला धरावं, ड्रायव्हरला वर बोलवावं, असं सगळं एकदम सुचलं. आणि मी काय केलं, तर चपला काढल्या. अंगवळणी पडलेल्या गोष्टीला लाज नसते. कमरेनं दार ढकललं. आई बसली होती, नजर खाली. तिच्या शेजारी, पाहुण्याच्या जागेवर, तो. त्याची नजरही खाली. मी फळांची पिशवी भिंतीशी ठेवली आणि समोर बसले, आणि सवयीनं माझीही मान खाली गेली, आणि पुन्हा तेच. राखाडी मोजे, ते बोट, शेजारी आईच्या सुजलेल्या घोट्यांची जोडी. किती वेळ गेला कोण जाणे. मी प्रार्थना केली नाही. मी मनात एकच गोष्ट घोकत होते, की उठल्यावर त्याचं ते वाक्य त्यालाच परत द्यायचं. आईनं सतरंजीवर हात टेकले, म्हणजे संपलं. मी मान वर केली.

"झालं का तुमचं?" मी म्हटलं. "मग चला."

मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी फुटण्याची वाट बघत होते. काही झालं नाही. तो गोंधळून आईकडे बघायला लागला. त्याला ते वाक्य आठवतच नव्हतं. इतक्या घरांत म्हटलेलं, त्याच्या तोंडात झिजून गेलेलं असणार. मी लहानपणापासून उशाशी घेऊन झोपलेली सुरी त्याला साधा चमचा वाटली. तो हळू, नम्रपणे बोलायला लागला, आमच्या जुन्या भाषेत. म्हणाला, मुलीकडे घेऊन जायला परवानगी नाही असं तुमच्या मॅडम म्हणाल्या, इथं आणायला आहे म्हणाल्या. दार उघडं असेल हे मला माहीत होतं. मग आईला म्हणाला, ताई, तुमच्या भावाला मी आणून देतो. परिषदेआधी. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या मुलीच्या खात्यावर ठेवा.

आई म्हणाली, "माझी हरकत कधीच नव्हती. हिला विचारा."

तो माझ्याकडे वळला. मला त्याला इतक्यात सोडायचं नव्हतं. मी विचारलं की माझे वडील आठवतात का, चेहरा आठवतो का. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "नाही. तुमच्यात मान वर करायची नसते ना. मी नियम पाळत होतो. गाडीत अंधार असायचा." मग म्हणाला, "एका माणसाचा गुडघा उठताना वाजला होता. तो तुमच्याच घरात की दुसऱ्या, ते सांगता येणार नाही."

आईनं श्वास आत घेतला. मला वाटलं, झालं, आता तरी ती किंचाळेल, आता तरी त्याच्या अंगावर धावून जाईल. ती म्हणाली, आमच्याच. म्हणाली आणि डोळे पुसले, आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्यानं बाबांची काहीतरी वस्तू परत आणून दिली होती, या खेपेला खरी. ते मला सहन झालं नाही. बाबांचा गुडघा माझा होता. तो आवाज या जगात फक्त मला आणि आईला माहीत होता, आणि हा माणूस तोही खिशात घालून फिरत होता, कुणाचा ते न विचारता.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं. "आजही आहे, उद्याही असेल. तुमच्या मुलीच्या खिडकीला निळा पडदा आहे. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते."

हे मात्र पोचलं. त्याचा खालचा ओठ लोंबला, म्हाताऱ्या माणसाचा लोंबतो तसा, आणि तो उठायला लागला. गुडघ्यावर हात, मग भिंतीवर हात. मी मदत केली नाही. दाराबाहेर त्यानं बूट घातले. पाय सुजल्यामुळे जाईनात, नाड्या बोटांत धरवेनात, वाकला की धाप लागायची. मी चौकटीला टेकून सगळं बघितलं. एक क्षणही वाया घालवला नाही. खोटं कशाला बोलू, मला सुख झालं. जन्मात तसं झालं नव्हतं. तो जिना उतरून गेला, खाली गाडीचं दार लागलं, आणि मी आत आले.

आई सतरंजीची घडी घालत होती. तिनं फळं काढून ताटलीत ठेवली, आणि मग पाठमोरीच म्हणाली, "कडी मी काढली होती."

मी म्हटलं, माहीत आहे.

"तुझ्या बाबांनी लावली होती, मी काढली. त्यानं फक्त दार ढकललं. इतकी वर्षं त्याला शिक्षा करत्येस, मला कधी करणार, म्हणून वाट बघत होते मी." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "आज केलीस. माझा भाऊ आत ठेवलास. झालं का समाधान? झालं असेल तर सकाळी हो म्हण. तुझं नि माझं फिटलं."

मी तिला काहीबाही बोलले. ते सगळं मला नीट आठवतं, पण सांगणार नाही. थोडक्यात, तुझ्या देवाला माझ्या बापापेक्षा उघडं दार प्यारं होतं, असं. ती ऐकून घेत होती, मधेच सफरचंद सोलत होती, आणि मी बोलायची थांबले तेव्हा तिनं एक फोड माझ्यापुढे धरली. मी न घेता निघाले. जिन्यात मला कळत होतं की ती म्हणाली ते खरं आहे. त्याला नाही म्हणताना मी त्याच्याकडे बघत होते, पण ऐकवत तिला होते. हे कळल्यानं माणूस बदलतो, अशी माझी समजूत होती.

सकाळी मी मॅडमना सांगितलं, हरकत आहे. त्या चिडल्या नाहीत. चष्मा काढून नाक चोळलं आणि म्हणाल्या, तत्त्वाची माणसं फार महाग पडतात. मी त्यांना त्या गाडीबद्दल एक शब्द विचारला नाही, त्यांनीही काढला नाही. दुपारपर्यंत त्यांनी दुसऱ्या कुठल्यातरी देशाशी बोलणी लावली होती. तिथं कुणाचं तरी बंद पडलेलं प्रार्थनास्थळ उघडणार होते. मंत्र्यांना चालण्यासारखं होतं. कराराच्या कागदांवर सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या, मी दूर पाठीमागे उभी होते. शिष्टमंडळ विमानतळाकडे गेलं. त्यानं जाताना माझ्याकडे बघितलं नाही, खाली बघत गेला. बैठकीच्या खोलीतला शिपाई खुर्च्या सरळ करत होता. त्या टेबलाखाली गालिच्यावर काही उरलंय का, ते मी वाकून बघून घेतलं. काही नव्हतं. मामाचा विचार मी दिवसभर येऊ दिला नाही. आला की कामाला लागायचे.

संध्याकाळी औषधं संपत आल्याचं निमित्त होतं. फळंही घेतली, द्राक्षं, तिला आवडतात ती, बिनबियांची. जिना चढताना मी काय बोलायचं ते ठरवत होते. माफी मागायची नव्हती, पण आवाज मऊ ठेवायचा होता. पुढच्या वर्षी काही करू, मामासाठी दुसरीकडून प्रयत्न करू, असं काहीतरी. प्रार्थनेची वेळ झालेली, म्हणजे आधी बसावं लागेल. बसेन, शेजारची जागा आज रिकामी असेल, तिथंच बसेन, असंही मनात आलं. हात भरलेले होते. मी नेहमीसारखं कमरेनं दार ढकललं आणि माझं हाड दणकन आपटलं. पिशवी सुटली, द्राक्षं पायऱ्यांवरून खाली गेली. मला क्षणभर खरंच कळेना. दार फुगलं असेल म्हणून मी खांदा लावला. मग वर, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, आतून लोखंडाला लोखंड लागल्याचा बारीक आवाज आला, आणि मी खांदा काढून घेतला.

नवऱ्यासाठी जी कडी तिनं राहू दिली नव्हती, ती आज तिनं लावली होती.

मी हाक मारली नाही. आत ती आहे हे कळत होतं. सतरंजी सरकल्याचा आवाज, तिचा तो ओढून घेतलेला श्वास. मी चपला काढल्या आणि काल त्याचे बूट होते तिथं, पायपुसण्याच्या कडेला, भिंतीला टेकून बसले. पश्चात्ताप झाला का, तर नाही. तो माणूस आत्ता विमानात सुजलेले पाय घेऊन बसला असेल या विचारानं मला अजूनही थोडी ऊब येत होती, आणि मी ती घेत होते. माझी नजर खाली होती. आत आईची प्रार्थना चालू होती, कडी लावून. ती पोचणार नव्हती, आणि हे तिलाही माहीत होतं.